सोडिअम-पोटॅशिअमचा थेंब आणि पाणी: प्राग येथील प्रयोगांचा प्रकरण अभ्यास

सोडिअम, पोटॅशिअम यांसारख्या अल्क धातूचा तुकडा पाण्यात टाकला की स्फोट का होतो, या प्रश्नाचे उत्तर शालेय पाठ्यपुस्तकापासून पदवीच्या वर्गापर्यंत जवळजवळ एकाच साच्यात दिले जाते. सोडिअमची पाण्याशी अभिक्रिया होऊन सोडिअम हायड्रॉक्साइड आणि हायड्रोजन तयार होतात, ही अभिक्रिया उष्मादायी असते, त्या उष्णतेने हायड्रोजन पेट घेतो आणि स्फोट होतो. या विधानातील कोणताही भाग सुटा घेतला तर चुकीचा नाही. तरीही स्फोटाचे कारण म्हणून ते अपुरे आहे, आणि ते नेमके कुठे अपुरे पडते हे २०१५ साली ‘नेचर केमिस्ट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाने दाखवून दिले. चेक विज्ञान अकादमीच्या प्राग येथील सेंद्रिय रसायन व जीवरसायन संस्थेतील फिलिप मेसन आणि पावेल युंगविर्थ, जर्मनीतील ब्राउनश्वाइग तंत्रविद्यापीठातील सिगुर्ड बाउएरेकर आणि त्यांचे सहकारी यांनी केलेले हे काम म्हणजे, सर्वांना ठाऊक आहे असे वाटणाऱ्या गोष्टीकडे पुन्हा काळजीपूर्वक पाहिल्यावर काय हाती लागते, याचे फार चांगले उदाहरण आहे. म्हणूनच येथे ते एक प्रकरण म्हणून सविस्तर मांडले आहे.

जुने स्पष्टीकरण आणि त्यातील अडचणी

हम्फ्री डेव्ही यांनी १८०७ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये वितळलेल्या पोटॅशमधून विद्युतप्रवाह सोडून प्रथम पोटॅशिअम आणि त्यानंतर काही दिवसांतच कॉस्टिक सोड्यापासून सोडिअम वेगळे केले. पोटॅशिअमचा कण पाण्यावर पडताच पेट घेऊन जांभळट ज्योतीसह इकडून तिकडे धावतो, हे तेव्हापासून ठाऊक आहे. पुढे दोन शतके हा प्रयोग जगभरच्या वर्गांत होत राहिला. आपल्याकडेही सोडिअमची रॉकेलात बुडवून ठेवलेली बाटली, चिमट्याने काढलेला आणि गालनपत्राने टिपून घेतलेला लहानसा तुकडा, पाण्यात घातलेल्या फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी होत जाणारा रंग, ही सामग्री विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाची आहे. एखादी गोष्ट इतकी परिचित झाली की तिच्याबद्दल प्रश्न विचारणे थांबते, आणि या अभिक्रियेच्या बाबतीत बराच काळ तसेच घडले असे मला वाटते.

पहिली अडचण उष्णतेच्या हिशेबातच दिसते. एक मोल लिथिअमची पाण्याशी पूर्ण अभिक्रिया झाली तर सुमारे २२२ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. सोडिअमसाठी हा आकडा सुमारे १८४ आणि पोटॅशिअमसाठी सुमारे १९६ किलोज्यूल आहे. वजनाच्या हिशेबाने पाहिले तर तफावत आणखी वाढते, कारण एका ग्रॅममागे लिथिअम सुमारे ३२, सोडिअम सुमारे ८ आणि पोटॅशिअम सुमारे ५ किलोज्यूल देते. म्हणजे स्फोटाची तीव्रता निव्वळ उष्णतेच्या प्रमाणावर ठरत असती, तर लिथिअम सर्वांत भयंकर ठरले असते. प्रत्यक्षात लिथिअमचा तुकडा पाण्यावर तरंगत शांतपणे बुडबुडे सोडत राहतो, सोडिअम वितळून गोळी होऊन फिरू लागते आणि पोटॅशिअम लागलीच पेटते. किती उष्णता सुटते यापेक्षा ती किती वेळात सुटते हे महत्त्वाचे आहे, एवढे या आकड्यांवरून निश्चित होते.

दुसरी अडचण हायड्रोजनच्या ज्वलनाची आहे. हायड्रोजन जळण्यासाठी ऑक्सिजन लागतो. मात्र धातूचा मोठा स्फोट पाण्याच्या पृष्ठभागाखाली, जेथे हवा नाही अशा ठिकाणीही होतो, आणि पाण्यावरील हवेच्या जागी आर्गॉनसारखा निष्क्रिय वायू भरला तरीही होतो. स्फोटानंतर दिसणारी पिवळी किंवा जांभळट ज्योत हायड्रोजनच्या ज्वलनाचीच असते आणि तिला रंग देण्याचे काम धातूचे अणू करतात, यात शंका नाही. परंतु ती ज्योत स्फोटाचा आरंभ नसून त्याचा परिणाम आहे.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे, आणि मेसन व युंगविर्थ यांच्या कामाचा खरा उगम तिच्यातच आहे. धातू आणि पाणी हे दोन वेगवेगळे पदार्थ एका सीमेवर भेटतात आणि अभिक्रिया फक्त त्या सीमेवर होते. सीमेवर उष्णता निर्माण झाली की पाण्याची वाफ होते, शिवाय हायड्रोजनही तेथेच तयार होतो. या दोन्ही वायूंचा थर धातू आणि पाणी यांच्यामध्ये येऊन त्यांचा संपर्क तोडायला हवा. घावन घालण्यापूर्वी तवा तापला की नाही हे पाहण्यासाठी आपण त्यावर पाणी शिंपडतो तेव्हा थेंब लगेच आटून न जाता स्वतःच्याच वाफेच्या थरावर नाचत राहतात; त्याच तत्त्वानुसार अल्क धातूची अभिक्रियाही स्वतःच्या वायूंमुळे मंदावायला हवी. घनरूप स्फोटके आपले इंधन आणि ऑक्सिडीकारक द्रव्य एकत्र मिसळलेले बाळगतात, त्यामुळे त्यांना ही अडचण येत नाही. येथे मात्र दोन पदार्थ वेगळे आहेत, त्यांच्यामध्ये वायूची भिंत उभी राहत आहे, आणि तरीही मिलिसेकंदांत स्फोट होतो. ही भिंत उभी राहण्यापूर्वीच, किंवा तिला भेदून, संपर्काचे क्षेत्र प्रचंड वाढवणारी एखादी घटना घडत असली पाहिजे. ती कोणती, हा या प्रकरणाचा गाभा आहे.

प्रयोगाची मांडणी

घन सोडिअमचा तुकडा वापरून याचे उत्तर मिळवणे कठीण होते. रॉकेलातून काढलेल्या तुकड्यावर ऑक्साइड आणि हायड्रॉक्साइड यांची पापडी असते, तुकड्याचा आकार ओबडधोबड असतो, आणि एकाच बाटलीतील दोन तुकडे दोन तऱ्हांनी वागतात: एक नुसता फिरून विरघळतो, तर दुसरा अचानक फुटतो. असा बेभरवशाचा पदार्थ घेऊन मिलिसेकंदाच्या अंशात काय घडते हे तपासता येत नाही. संशोधकांनी त्यावर काढलेला मार्ग साधा आणि अचूक होता. त्यांनी सोडिअम आणि पोटॅशिअम यांचे संमिश्र वापरले. योग्य प्रमाणात मिसळल्यास हे संमिश्र नेहमीच्या तापमानाला द्रवरूप असते. सुमारे ७७ टक्के पोटॅशिअम असलेले मिश्रण तर उणे १२ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते. त्यामुळे दर वेळी सारख्या आकाराचा, स्वच्छ चकचकीत पृष्ठभागाचा थेंब सुईतून सोडता येतो आणि प्रयोग हवा तितक्या वेळा तसाच पुन्हा करता येतो. या कामाला मेसन यांच्या यूट्यूबवरील विज्ञानविषयक वाहिनीच्या प्रेक्षकांनीही आर्थिक हातभार लावला होता.

थेंब सुमारे एक मीटर उंचीवरून पाण्यात सोडण्यात आला आणि सेकंदाला दहा हजारांच्या घरात चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्यांनी त्याचे चित्रण करण्यात आले. या वेगाचे महत्त्व समजण्यासाठी एक हिशेब पुरेसा आहे. सर्वसाधारण चित्रफितीत सेकंदाला तीस चित्रे असतात, म्हणजे दोन चित्रांमध्ये तेहतीस मिलिसेकंदांचे अंतर पडते. या प्रकरणातील निर्णायक घटना अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत आटोपते. साध्या कॅमेऱ्याच्या एका चित्रात धातूचा थेंब पाण्याच्या वर दिसेल आणि पुढच्याच चित्रात फक्त धूर आणि उसळलेले पाणी दिसेल. दोनशे वर्षे डोळ्यांनी आणि नंतर साध्या चित्रीकरणाने जे पाहिले गेले, त्यात मधला भाग कधी दिसलाच नव्हता.

काय दिसले

थेंब पाण्याला भिडल्यानंतर ०.४ मिलिसेकंदाच्या सुमारास त्याच्या पृष्ठभागातून धातूचे सुईसारखे काटे सर्व बाजूंनी बाहेर फेकले गेल्याचे चित्रांत दिसले. एक मीटर खाली पडलेल्या थेंबाचा वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर असतो, म्हणजे एवढ्या वेळात तो पाण्यात जेमतेम दोन मिलिमीटर शिरू शकतो. काही मिलिमीटर व्यासाचा थेंब पूर्ण बुडण्यापूर्वीच त्याचे रूप पालटलेले असते. ही गती पाहता उकळणाऱ्या पाण्याने किंवा साठलेल्या वायूने थेंब फोडला, असे म्हणणे अवघड जाते. वायूचा दाब बाहेरून येत असता तर थेंब चपटा झाला असता किंवा ढकलला गेला असता. येथे धातू आतून बाहेरच्या दिशेला, बारीक धारांच्या रूपाने झेपावत होता.

त्याच वेळी पाण्यात क्षणभर निळा-जांभळा रंग उमटला. रसायनशास्त्रज्ञांना हा रंग दुसऱ्या एका ठिकाणी ओळखीचा आहे: सोडिअम किंवा पोटॅशिअम द्रवरूप अमोनियात टाकले तर ते स्फोट न होता विरघळते आणि गडद निळे द्रावण तयार होते. धातूने सोडलेले इलेक्ट्रॉन अमोनियाच्या रेणूंनी वेढलेल्या अवस्थेत मोकळे राहतात आणि तो रंग त्यांचाच असतो. पाण्यातही असे इलेक्ट्रॉन अस्तित्वात असतात, हे १९६२ साली हार्ट आणि बोग यांनी किरणोत्सर्गाच्या साहाय्याने केलेल्या प्रयोगांत दाखवून दिले होते. मात्र पाण्यात त्यांचे आयुष्य अत्यल्प असते, कारण ते पाण्याच्या रेणूंशी अभिक्रिया करून हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयन बनवतात. धातूच्या थेंबाभोवती हा रंग दिसला, याचा अर्थ इलेक्ट्रॉन धातू सोडून पाण्यात उतरले होते आणि हायड्रोजन तयार होण्याचा टप्पा त्यानंतरचा होता.

काट्यांचे कारण

युंगविर्थ यांच्या गटाने याचा गणनेने शोध घेतला. एकोणीस सोडिअम अणूंचा लहानसा पुंजका पाण्याने वेढलेला आहे अशी कल्पना करून संगणकावर त्याचे अनुकरण केले, तेव्हा पृष्ठभागावरील अणूंनी आपला एकेक इलेक्ट्रॉन काही पिकोसेकंदांतच पाण्याला दिल्याचे दिसले. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही हजारावा हिस्सा. हलके इलेक्ट्रॉन निघून जातात. तुलनेने फार जड असलेले धातूचे आयन इतक्या अल्प काळात हलू शकत नाहीत. परिणामी धातूच्या पृष्ठभागावर एकमेकांना खेटून बसलेले धन आयन उरतात आणि ते परस्परांना जोराने दूर ढकलू लागतात.

प्रभारित द्रवाचा थेंब किती प्रभार सहन करू शकतो, याची मर्यादा लॉर्ड रॅली यांनी १८८२ मध्येच काढली होती. पृष्ठताण थेंबाला गोल आणि एकसंध ठेवू पाहतो, तर सारख्या प्रभारांमधील प्रतिकर्षण त्याला फाडू पाहते. प्रतिकर्षण वरचढ ठरले की गोल पृष्ठभाग स्थिर राहत नाही आणि त्यातून बारीक धारा फुटतात. प्रथिनांसारख्या मोठ्या रेणूंचे वस्तुमान मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, आणि जॉन फेन यांना २००२ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळवून देणाऱ्या विद्युत फवारणीच्या तंत्रामागेही हेच भौतिकी आहे. धातूच्या थेंबाच्या बाबतीत फरक एवढाच की प्रभार बाहेरून द्यावा लागत नाही, कारण पाण्यात इलेक्ट्रॉन गमावून थेंब स्वतःच प्रभारित होतो. या क्रियेला कुलॉम स्फोट असे म्हणतात.

आता वायूच्या भिंतीचे कोडे सुटते. धातूचे काटे वाफेचा थर तयार होण्याआधीच किंवा त्याला छेदून ताज्या पाण्यात शिरतात, संपर्काचे क्षेत्र एकदम कितीतरी पटींनी वाढते, नव्या पृष्ठभागावरून पुन्हा इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि पुन्हा काटे फुटतात. अशा रीतीने धातू आणि पाणी काही क्षणांत परस्परांत घुसळले जातात. त्यानंतरच पाठ्यपुस्तकातील घटना मोठ्या प्रमाणावर घडतात: उष्णता सुटते, पाण्याची वाफ होते आणि हायड्रोजन मुक्त होतो. तेवीस ग्रॅम सोडिअमपासून नेहमीच्या तापमानाला सुमारे बारा लिटर हायड्रोजन मिळतो. तो क्षणार्धात आणि तापलेल्या अवस्थेत मुक्त झाला तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. जुने स्पष्टीकरण त्यामुळे खोडून निघत नाही. त्याच्या आधी घडणारा आणि त्याला शक्य करणारा टप्पा आता ठाऊक झाला आहे.

लिथिअमच्या शांत वागण्याचाही उलगडा याच चौकटीत होतो. लिथिअमचा द्रवणांक सुमारे १८० अंश सेल्सिअस असल्याने पाण्यावर तरंगताना ते सहसा घनच राहते. सोडिअम ९८ अंशांना आणि पोटॅशिअम ६३ अंशांना वितळते. घन पृष्ठभागातून काटे फुटू शकत नाहीत, त्यासाठी धातू द्रवरूप असायला हवा. घन सोडिअमचा तुकडा काही काळ शांतपणे फिरून मग अचानक का फुटतो, हेही यावरून समजते. शिवाय लिथिअमच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे ५२० किलोज्यूल लागतात, तर पोटॅशिअमला ४१९ पुरतात. तथापि एवढ्या एका आकड्यावर सर्व काही सोपवणे योग्य होणार नाही. माझ्या मते द्रवरूपाची अट अधिक निर्णायक आहे.

आक्षेप आणि पडताळणी

एकोणीस अणूंच्या पुंजक्यावरून काही मिलिमीटरच्या थेंबाबद्दल निष्कर्ष काढावा का, असा प्रश्न येथे रास्तपणे विचारता येतो. एवढ्याशा थेंबातही अणूंची संख्या पद्मांच्याही पलीकडे जाते, आणि मोठ्या धातूचे विद्युत गुण लहान पुंजक्यापेक्षा वेगळे असतात. या आक्षेपाला उत्तर गणनेतून नव्हे, तर चित्रीकरण, रंग आणि गणना या तीन स्वतंत्र पुराव्यांच्या मेळातून मिळते. त्यांतील कोणताही एक पुरावा एकटा पुरेसा ठरला नसता.

पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, याच गटाने उलट बाजूने पडताळणी केली. निष्क्रिय वायूच्या वातावरणात धातूचा थेंब उंचावरून न टाकता पाण्याच्या पृष्ठभागावर अलगद ठेवला, तेव्हा सुरुवातीला स्फोट झालाच नाही. थेंबाखालून विरघळलेल्या इलेक्ट्रॉनांचा निळा रंग पाण्यात उतरताना दिसला, थेंब वाफेच्या थरावर तरंगत राहिला, तापून लालबुंद झाला आणि धातू संपल्यावर वितळलेल्या हायड्रॉक्साइडची पारदर्शक गोळी उरली. ती गोळी पुरेशी थंड होऊन पाण्याला भिडली तेव्हा फुटली. म्हणजे वायूचा थर अभिक्रियेला आवर घालतो ही अपेक्षा बरोबरच होती. जोराने झालेला पहिला संपर्क तो थर तयार होऊ देत नाही, तेव्हाच स्फोट होतो.

या निष्कर्षाच्या मर्यादा

द्रवरूप सोडिअम आणि पाणी भारतातही शेजारी नांदतात. कल्पक्कम येथील १९८५ पासून कार्यरत असलेल्या द्रुत प्रजनक चाचणी अणुभट्टीत गाभ्यातील उष्णता वाहून नेण्याचे काम द्रवरूप सोडिअम करते आणि बाष्पजनित्रात केवळ पोलादी नळीची भिंत त्याला पाण्यापासून वेगळे ठेवते. येथे नळीला छिद्र पडले तर काय होईल, याचे स्पष्टीकरण प्रागच्या प्रयोगावरून सरळ काढण्याचा मोह होऊ शकतो. तो टाळला पाहिजे. तेथे भरपूर पाण्यात धातूचा थेंब पडतो, येथे भरपूर तप्त सोडिअममध्ये उच्च दाबाच्या वाफेची धार घुसते. त्या धारेभोवतीची दाहक हायड्रॉक्साइडयुक्त ज्वाळ शेजारच्या नळ्या कुरतडते आणि तापवते, आणि खरा धोका नुकसान असे पसरत जाण्यात असतो. स्कॉटलंडमधील डाउनरे येथील आद्यरूप द्रुत अणुभट्टीत फेब्रुवारी १९८७ मध्ये एका नळीच्या गळतीतून अवघ्या काही सेकंदांत सुमारे चाळीस नळ्या निकामी झाल्या. म्हणूनच अशा यंत्रणेत सोडिअममध्ये विरघळलेल्या हायड्रोजनचे प्रमाण सतत मोजले जाते, कारण गळतीची पहिली खूण तीच असते, आणि वाढलेल्या दाबाला वाट देण्यासाठी ठरावीक दाबाला फाटणाऱ्या चकत्या बसवलेल्या असतात.

वर्गातील प्रयोगाला मात्र प्रागचे निष्कर्ष थेट लागू पडतात. सोडिअमचा तुकडा थोडा मोठा घेतल्याने केवळ अभिक्रिया वाढते असे नाही, तर ती वेगळ्या प्रकारची होऊ शकते, कारण मोठा तुकडा पूर्ण वितळून द्रवरूप होण्याइतका वेळ टिकतो. तुकडा मुगाच्या दाण्याहून मोठा नसावा, मध्ये पारदर्शक पडदा असावा आणि डोळ्यांवर चष्मा असावा, हे नियम म्हणूनच कसोशीने पाळायला हवेत. जुन्या पोटॅशिअमवर पिवळट कवच चढलेले असेल तर ते कापूच नये. ते कवच सुपरऑक्साइडचे असू शकते आणि सुरीच्या दाबाने रॉकेलच्या सान्निध्यात त्याचा भडका उडू शकतो.

पुढचा टप्पा

इलेक्ट्रॉन आधी आणि रासायनिक अभिक्रिया नंतर, हा या प्रकरणाचा मुख्य दावा २०२१ मध्ये आणखी थेट पद्धतीने तपासला गेला. युंगविर्थ, मेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमधील बेसी-२ या सिंक्रोट्रॉन केंद्रात (जेथे वेगवान इलेक्ट्रॉनांपासून तीव्र क्ष-किरण मिळवतात) धातू पाण्यात टाकण्याऐवजी पाणी धातूवर आणले. निर्वात कक्षात सुईच्या टोकावर सोडिअम-पोटॅशिअमचा थेंब लोंबत ठेवला आणि मिलिबारच्या दहा हजाराव्या भागाइतक्या दाबाची पाण्याची वाफ त्यावर सोडली. पाणी इतके थोडे आणि इतके सावकाश आले की धातूतील इलेक्ट्रॉनांना त्याच्या पातळ थरात शिरायला स्फोटाआधी अवकाश मिळाला. सुमारे ऐंशी रेणू जाडीचा तो थर काही सेकंद सोनेरी दिसला. त्यावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाचे आणि त्यातून बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनांचे वर्णपट घेतले असता, त्या पाण्यात इलेक्ट्रॉन एखाद्या धातूप्रमाणे मोकळेपणी वाहत असल्याचे आढळले. त्यांची घनता घनसेंटिमीटरमागे ५ गुणिले १० चा २१ वा घात इतकी होती. शुद्ध पाण्याला दाबाने धातुरूप द्यायचे तर ग्रहांच्या अंतर्भागातल्यासारखा प्रचंड दाब लागेल असे मानले जाते. येथे तेच काही सेकंदांपुरते एका थेंबाच्या पृष्ठभागावर साधले गेले. त्या काही सेकंदांत पाण्यात इलेक्ट्रॉन होते, पण हायड्रोजनचे बुडबुडे आणि स्फोट यांचा अजून पत्ता नव्हता. २०१५ साली अर्ध्या मिलिसेकंदाच्या चित्रांवरून ज्या क्रमाचा तर्क केला होता, तो येथे वर्णपटाच्या आधाराने प्रत्यक्ष मोजला गेला.